मनूच्या आईची हजेरी

मनूची आई कोणतंही पुस्तक मागून उघडायची. कॅलेंडर हातात दिलं तरी आधी डिसेंबर बघायची. मुलांसाठी शुद्धलेखनाचं वर्कबुक घ्यायचं असेल तर मुखपृष्ठाकडे तिचं लक्षही नसे. दुकानदारानं पुस्तक पुढे सरकवलं की ती ते पालथं करी, शेवटचं पान काढी आणि कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून ते एकच पान वाचत बसे. बाकीचं पुस्तक जणू छापलेलंच नाही.

‘‘सुरुवातीले सगळेच मन लावून करतात, ताई,’’ ती म्हणायची. ‘‘पयलं पान पाहून काय समजते? लिवनारा दमल्यावर कसा वागते ते पाहाव.’’

तिची माझी ओळख वर्ध्याच्या बाजारातल्या पुस्तकांच्या दुकानात झाली. जून महिना. काउंटरला बायकांची गर्दी, प्रत्येकीच्या हातात शाळेनं दिलेली यादी. दुकानातली मुलं यादी बघून गठ्ठे बांधत होती. माझ्याही हातात यादी होती, पण ती माझी मीच केलेली. मला याद्यांशिवाय सुचत नाही. किराण्याची, प्रवासाची, पाहुण्यांना विचारायच्या प्रश्नांचीसुद्धा मी यादी करते. त्या दिवशीच्या यादीत वर्कबुक कसं हवं ते लिहिलेलं होतं. अक्षर मोठं, दोन ओळींत भरपूर जागा, एका बैठकीत संपेल एवढा धडा, चित्रं कमी, सूचना सोप्या.

‘‘कोनती शाळा?’’ दुकानदारानं विचारलं.

‘‘शाळा नाही. मी मुलीला घरी शिकवते.’’

त्यानं माझ्याकडे, मग रेवाकडे पाहिलं. रेवा माझी मुलगी, तेव्हा तिसरीच्या वयाची. ती माझ्या ओढणीचं टोक धरून उभी होती. बाजूच्या दोघी-तिघींनीही वळून पाहिलं. एवढ्या गर्दीत माझ्याभोवती एकदम जागा झाल्यासारखी वाटली. ती जागा मला ओळखीची होती. सिंदी मेघेतल्या आमच्या कॉलनीत वर्षभर मी तिच्यातच राहत होते.

तेवढ्यात उजवीकडून आवाज आला, ‘‘भाऊ, मले बी तेच दाखव. माह्याही पोराले शाळा नाई.’’

मी वळून पाहिलं. साडीचा पदर खोचलेली, सावळी, माझ्याहून चार-सहा वर्षांनी लहान असलेली एक बाई होती. तिच्याजवळ तोंडाला मास्क लावलेला एक मुलगा होता, मास्कच्या वरचे गाल सुजल्यासारखे फुगलेले. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. परक्या गावात माहेरचं माणूस भेटावं, तसं झालं.

दुकानदारानं पाच-सहा वर्कबुकं टाकली. मी यादी काढून पहिल्या पानापासून सुरू केलं. तिनं सगळी पालथी केली. एका पुस्तकाच्या शेवटी उत्तरं होती. ‘‘हे मायसाठी हाय, लेकरासाठी नाई,’’ म्हणून तिनं ते बाजूला सारलं. दुसऱ्याच्या शेवटी त्याच कंपनीच्या इतर पुस्तकांची जाहिरात होती. ‘‘याले आपल्या पोराचं काई पडलं नाई. पुढचं पुस्तक विकाचं पडलं.’’ तिसऱ्याच्या शेवटी सोनेरी नक्षीचं प्रमाणपत्र होतं, नाव लिहायला रिकामी जागा ठेवलेलं. ते तिनं बराच वेळ पाहिलं, हसली आणि तेही सारलं. मग तिनं पर्समधून खोडरबर काढला, एका पुस्तकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीची रेघ ओढली आणि खसाखसा खोडू लागली.

‘‘अवो बाई! नवीन पुस्तक हाय ते!’’ दुकानदार ओरडला.

‘‘मंग? जुन्यावर खोडून पाहू का?’’

‘‘अशानं कोन घेईन मंग ते?’’

‘‘मीच घेईन, पास झालं तं. पोरगं चुकनार, खोडनार. खोडताना कागद फाटला का पोरगं रडते, अन् मंग त्याले समजावाले तू येत नाई हिंगनीले.’’

मी हसले. दुकानात, चारचौघांत, मोठ्यानं. किती दिवसांनी हसले ते मला आठवेना.

शेवटी जे पुस्तक निघालं त्याचं शेवटचं पान मोकळं होतं. प्रश्न नाही, रिकाम्या जागा नाहीत, नुसत्या आखलेल्या ओळी. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं की इथे तुला हवं ते लिही. तिनं त्या पानावरून हात फिरवला. ‘‘हे पाहा, ताई. इतकं शिकवलं, अन् शेवटी पोराले मोकळं सोडलं.’’ खोडरबराच्या परीक्षेतही ते पास झालं. माझ्या यादीतल्याही बहुतेक गोष्टींवर खूण झाली. आम्ही एकेक प्रत घेतली. बाहेर उसाच्या रसाच्या गाडीवर बसलो तेव्हा मनूनं मुखपृष्ठ वाचून विचारलं, ‘‘आई, हे तं भाग दोन हाय. भाग एक कुठं हाय?’’

मी माझ्या यादीत गुंतले होते, ती शेवटच्या पानात. पुस्तकाचं तोंड दोघींपैकी एकीनंही बघितलं नव्हतं. मी लगेच बदलायला उठले. तिनं माझा हात धरून खाली बसवलं. ‘‘राहू द्या न, ताई. भाग एक शाळेत जानाऱ्या लेकराईचा. आपले डायरेक्ट दुसऱ्यात.’’ मनूला हे इतकं पटलं की पुढे वर्षभर तो भेटेल त्याला सांगायचा, मी डायरेक्ट दुसऱ्या भागात आहे म्हणून.

मनूला मूत्रपिंडाचा आजार होता. गोळ्यांनी चेहरा सुजायचा आणि साधा सर्दी-खोकलाही त्याला परवडणारा नव्हता. म्हणून डॉक्टरांनी त्याला शाळेच्या गर्दीत पाठवू नका असं सांगितलं होतं. त्याचे वडील बोर अभयारण्यात पर्यटकांची जिप्सी चालवायचे. जवळच्याच हिंगणी गावातल्या घरात दिवसभर मायलेक दोघंच. दर पंधरा दिवसांनी ती त्याला घेऊन एसटीनं वर्ध्याच्या दवाखान्यात यायची. त्या ओळखीनंतर दवाखाना आटोपला की ती ऑटोनं आमच्याकडे येऊ लागली. येताना पिशवीत काहीतरी असायचंच. सीताफळं, बोरं, नाहीतर तुरीच्या ओल्या शेंगा. दारातूनच म्हणायची, ‘‘ताई, शेंगा उकडाले ठेवा, मी पोराईले बसवतो.’’ आमच्याकडच्या बाया असंच ‘येतो, जातो’ म्हणतात. माझं माहेर कारंजा घाडगेचं, म्हणजे ही बोली माझीही; पण इतक्या वर्षांच्या नोकरीनं ती घासून गेली होती. तिच्याशी बोलताना ती परत जिभेवर यायची.

मी नोकरी सोडली होती ती रेवासाठी. रेवा घरी पोपटासारखी बोलायची आणि उंबरा ओलांडला की गप्प. अनोळखी माणूस आलं की ओठ मिटायची, ते माणूस जाईपर्यंत उघडायची नाही. शाळेत रोज हजेरी व्हायची. बाई नाव घ्यायच्या आणि रेवाच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. पहिले काही दिवस त्यांनी वाट पाहिली, मग गैरहजर लावायला लागल्या. हजर म्हटल्याशिवाय मी कशी लावू, असं त्या मला म्हणाल्या. रेवा पहिल्या बाकावर दप्तर लावून बसलेली असायची, आणि प्रगतिपत्रकात ती महिनाभर शाळेतच नव्हती. मी तीन-चारदा जाऊन भेटले, समजावलं. शेवटी तिचं नाव काढलं.

लोकांना हे सांगून समजत नसे. नवऱ्याची बदली चंद्रपूरला, ते शनिवारी यायचे. तोवर मी आणि रेवा. समोरच्या काकू गेटवर उभ्या राहून विचारायच्या, ‘‘काऊन हो, पोरगी शाळेत नाई जात? काई दोष हाय का तिच्यात?’’ जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणी आधी फोन करायच्या, मग मेसेज, मग नुसत्या सणाच्या शुभेच्छा. मी घराचं वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं होतं. साडेनऊला आवराआवर, दहाला मराठी, अकराला गणित. त्यात सगळं होतं. माझ्याशी बोलायला कोणी नव्हतं, तेवढं कुठल्या चौकटीत बसत नव्हतं.

हजेरीची गोष्ट मी मनूच्या आईला एकदा शेंगा सोलता सोलता सांगितली. ती शेंगा सोलत राहिली. तिच्यासारख्या बाईनं काही न बोलणं मला जरा लागलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन वाजला.

‘‘ताई, फोन स्पीकरवर टाका अन् पोरीजवळ ठेवा. हजेरी घ्याची हाय.’’

हिंगणीला तिच्या घरात रेंज नव्हती. फोन लागायचा तो गच्चीवरच्या एका कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहिलं तर. मागे वारा आणि कुणाच्या तरी कोंबड्या ऐकू येत होत्या. मग एकदम शाळेतल्या बाईंचा करडा आवाज काढून तिनं पुकारलं, ‘‘मनू!’’

‘‘हजर, बाई!’’ मनू इतक्या जोरात ओरडला की कोंबड्या फडफडल्या.

‘‘रेवा!’’

रेवा टेबलाशी ताठ बसली होती. ओठ मिटलेले. मी फोन उचलणार तेवढ्यात तिनं बोटाच्या पेरानं टेबलावर टक् केलं. एकदाच.

‘‘हो, आलं ऐकू. लावली हजेरी,’’ मनूची आई म्हणाली. ‘‘चला, आज बाविसावं पान. दोघाईनं सोबतच काढा.’’

त्या दिवसापासून ती रोज दहाला गच्चीवर चढायची. ऊन असो, थंडी असो, घरी पाहुणे असोत. दोन गावांत दोन मुलं एकच पान उघडायची. मनू आधी वाचायचा, रेवा टेबलावर टकटक करून हो-नाही सांगायची. मनूची आई मधूनच ओरडायची, ‘‘ए, खोडून राह्यला का? हळू खोड!’’ आमच्या स्वयंपाकघरात तो आवाज भरून राहायचा आणि मला माझ्या घरी शाळा भरल्यासारखं वाटायचं. फोन अर्ध्या तासात संपायचा. त्या अर्ध्या तासावर मी उरलेला दिवस काढायची.

टक् वरून रेवा कुजबुजण्यावर आली ती दिवाळीच्या सुमारास. ते कुजबुजणं हिंगणीला ऐकू जाणं शक्यच नव्हतं, तरी तिकडून रोज उत्तर यायचं, ‘‘लावली.’’ आणि संक्रांतीच्या आसपास एका सकाळी मी तव्यावर पोळी टाकत असताना ‘‘रेवा!’’ असं पुकारणं झालं आणि मागून आवाज आला, ‘‘हजर.’’ जाडसर, वापरात नसलेला, पण स्पष्ट. मी पाठमोरीच उभी राहिले. पोळी जळून तव्याला चिकटली.

फोनवर क्षणभर नुसता वारा होता. मग, ‘‘लावली. आज कोनतं पान हाय रे, मनू?’’

मी दुपारी तिला मुद्दाम फोन केला. बऱ्याच वेळानं, ती गच्चीवर आली तेव्हा लागला. ‘‘एवढी मोठी गोष्ट झाली आणि तुम्ही शाब्बाससुद्धा म्हणाल्या नाहीत?’’

‘‘कौतुक केलं असतं तं उद्याले भेव वाटलं असतं तिले. हजेरीचं काय कौतुक, ताई? मानूस असते तं असते.’’ थोडं थांबून म्हणाली, ‘‘फोन ठेवल्यावर टाकीजवळ बसून लय रडली मी. मनू म्हने, आई, तुले काई चावलं का?’’

मनूच्या गालांची सूज उतरत होती. ते मला प्रत्येक भेटीत दिसायचं. गोळ्या कमी झाल्या, मास्क कधी असायचा कधी नसायचा. आमच्या अंगणात तो रेवाला पळून दाखवायचा, धाप न लागता. मला आनंद व्हायचा, खरंच व्हायचा. आणि रात्री कपड्यांच्या घड्या घालताना हेही कळायचं, की हा मुलगा पुरता बरा झाला की दहाचा फोन बंद होणार. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या मनात कशा राहतात, ते कुणाला विचारावं असं कोणी नव्हतं. ज्या एका बाईला विचारता आलं असतं, तिलाच विचारण्याजोगं नव्हतं.

मे महिन्याच्या शेवटी डॉक्टर म्हणाले, शाळेत घाला. ती दवाखान्यातून थेट आमच्याकडे आली, पण दारातून ओरडली नाही. चहा झाला. मग म्हणाली, ‘‘हो म्हनले.’’ मी तिला मिठी मारली. आम्ही दोघी हसत होतो, आणि रेवा आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती.

जूनमध्ये ती माझ्याबरोबर त्याच दुकानात आली. या वेळी तिच्या हातात शाळेची छापील यादी होती. दुकानदारानं ओळखलं. ‘‘आता तं यादी हाय, बाई, तुमच्याजवळ. आता खोडून पाहाचं काम नाई.’’

‘‘नाई. आता देशीन ते घेतो,’’ ती म्हणाली. मनूचा गठ्ठा तिनं न सोडता, एकही पान न बघता पिशवीत टाकला. मग चष्मा डोळ्यांवर ओढला आणि रेवाच्या वर्कबुकांकडे वळली. एकेक पालथं केलं. उत्तरं. जाहिरात. प्रमाणपत्र. पुन्हा जाहिरात. खोडरबर पर्समध्येच राहिला.

‘‘यंदा एकाचाही शेवट बरा नाई, ताई.’’

मी म्हटलं, ‘‘मग काय करायचं?’’

तिनं दुकानदाराला हाक मारली. ‘‘भाऊ, त्या मागच्या वर्षीच्या लिवनाऱ्याचा भाग एक हाय का?’’

भाग एक होता. रेवाला तो सोपा होता, माझ्या यादीतल्या निम्म्या गोष्टींत बसतही नव्हता. पण शेवटच्या पानावर त्याच मोकळ्या ओळी होत्या. ‘‘हेच घ्या,’’ ती म्हणाली. ‘‘सोपं हाय तं हाय. यंदा ती एकटी बसनार हाय. हसत हसत होऊ द्या.’’ या खेपेला एकच प्रत घेतली.

बसस्टँडवर हिंगणीची गाडी लागलेली होती. मनू खिडकीची जागा धरायला पळाला. ती पायरीवर एक पाय ठेवून वळली. ‘‘ताई, तुमाले अर्ध्यात सोडून चालली असं वाटून राह्यलं.’’

‘‘येडी का तू? पोरगं बरं झालं. जा, बस.’’ मी पहिल्यांदाच तिला अगं-तुगं केलं.

‘‘येजो मंग हिंगनीले. पोरीले घेऊन येजो,’’ ती म्हणाली. तीही पहिल्यांदाच अहो-जाहो विसरली. कंडक्टरनं घंटी दिली.

आम्ही दोनदा गेलो. पुढच्या पावसाळ्यानंतर मनूच्या वडिलांना दूरच्या एका जंगलात जास्त पगाराचं काम मिळालं आणि ते घर आवरून गेले. काही महिने फोन चालला. मग तो नंबर बंद झाला, नवीन माझ्याकडे आला नाही. माझा नंबर तोच आहे, मुद्दाम बदललेला नाही. रेवा आता मोठी झाली आहे, शाळेतही जाते, कमी बोलते पण बोलते. तिची पुस्तकं आता तीच आणते. दर जूनमध्ये मी तरीही त्या दुकानात एक फेरी मारते, काउंटरच्या कडेला उभी राहून दोन-चार वर्कबुकांची शेवटची पानं बघते आणि काही न घेता परत येते. दुकानदार आता विचारत नाही.

मला सगळं क्रमानं लिहायची सवय आहे. पण एक प्रसंग मी त्याच्या जागेवरून काढून शेवटी ठेवला आहे. कधी हे तिच्या हातात पडलंच, तर ती कुठून उघडेल ते मला माहीत आहे.

मनूच्या शाळेचा पहिला दिवस होता. मी रेवाला सांगून ठेवलं होतं, आजपासून फोन येणार नाही. तिनं मान हलवली होती. तरी दहाला ती भाग एक उघडून टेबलाशी बसली आणि फोनकडे बघत राहिली. मी तो उचलून ओट्याच्या पलीकडे चार्जिंगला लावला, म्हणजे दिसायला नको. डाळ धुवायला घेतली. नळ बंद केला तेव्हा मागे चाहूल लागली. रेवानं फोन आणला होता, नंबर लावला होता, स्पीकर सुरू करून तो टेबलावर ठेवला होता.

मला वाटलं, लागणार नाही. ती आता कशाला गच्चीवर असेल? पण पहिल्याच घंटीला उचलला गेला. वारा होता. कोंबड्या होत्या.

‘‘हॅलो?’’ मनूची आई म्हणाली. तिचा आवाज बसलेला होता.

‘‘हजेरी,’’ रेवा म्हणाली. मग ताठ बसून तिनं करडा आवाज काढला. ‘‘मनू!’’

‘‘मनू शाळेत गेला, माय. सकाळीच गेला.’’

रेवानं थोडा विचार केला.

‘‘मनूची आई!’’

तिकडे बराच वेळ नुसता वारा वाहत होता. मी ओला हात तसाच धरून उभी होते. रेवाला घाई नव्हती. तिला वाट पाहणं माहीत होतं.

‘‘हजर,’’ मनूची आई म्हणाली.

‘‘लावली,’’ रेवा म्हणाली, आणि पहिलं पान उघडलं.